गाण्याचाही सातबारा असतो

गेल्या महिन्यात कांदाचाळीच्या अनुदानाची पाहणी करायला एका गावी गेलो होतो. चाळीचे माप घेऊन झाले, फोटो झाले, चहा आला. तेवढ्यात त्या घरातला मुलगा आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. मला वाटले पीक विम्याचे काही असेल. आमच्याकडे पिशवी घेऊन येणारा माणूस बहुधा विम्याचाच असतो. पिशवीतून निघाला सात पानांचा इंग्रजी करारनामा, पहिले पान स्टॅम्पपेपरचे.

"साहेब, हे जरा वाचून सांगा. सही करून बसलोय, पण काय लिहिलंय ते आत्ता कळायला लागलंय."

पोरगा पंचविशीचा. घरी अडीच एकर, त्यात कांदा आणि मका. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. कांदा उकिरड्यावर टाकायची पाळी आली त्या वर्षी त्याने एक गाणे लिहिले. शब्द त्याचे, चाल त्याची. तालुक्याच्या एका छोट्या स्टुडिओत स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड केले आणि युट्यूबवर टाकले. गाणे चालले. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरवर वाजू लागले. मग एका शहरातल्या म्युझिक कंपनीचा फोन आला, अकरा हजार रुपये खात्यात आले, आणि याने सात पानांवर सात सह्या केल्या. दोन महिन्यांनी तेच गाणे दुसऱ्या गायकाच्या आवाजात कंपनीच्या चॅनेलवर आले. लिहिणाऱ्याचे नाव नाही, चाल बांधणाऱ्याचे नाव नाही. याने स्वतःचे जुने रेकॉर्डिंग पुन्हा टाकले, तर चोरीची तक्रार होऊन ते काढून टाकण्यात आले. स्वतःच्याच गाण्याचा हा चोर ठरला.

वडील शेजारी बसले होते. म्हणाले, "आपल्याच बांधावर आपल्याला पाय ठेवू देईनात, असं झालं हे."

मी खत-बियाण्यातला माणूस. वकील नाही. पण करारनामा घरी आणून शब्दकोश घेऊन बसलो, ओळखीच्या एका वकिलांना दोन वेळा त्रास दिला, कायद्याचे पुस्तकही चाळले. त्यातून जे कळले ते या पानावर मांडावेसे वाटले. कारण आपल्या जिल्ह्यात आज गावोगावी अशी पोरे आहेत. कोणी शाहिरी करतो, कोणी भीमगीते लिहितो, कोणी कोळीगीते, कोणी जागरण-गोंधळाची पदे. मोबाइल आल्यापासून ती स्वतःच स्वतःचे कंपनीवाले झाली आहेत. आणि त्यांच्या पिशवीत काय आहे ते त्यांनाच ठाऊक नाही.

पहिली गोष्ट ही की गाणे म्हणजे एक वस्तू नव्हे. आपण म्हणतो "माझे गाणे", पण कायद्याच्या हिशेबात त्यात किमान चार वाटे आहेत. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा. चालीचा हक्क चाल बांधणाऱ्याचा. रेकॉर्डिंगचा हक्क त्याच्या निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी पत्करून ते रेकॉर्डिंग करवून घेतले त्याचा. आणि चौथा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताचा. ज्यांनी निम्म्या वाट्याने जमीन केली आहे त्यांना हे समजायला जड नाही. जमीन एकाची, बी-खत दुसऱ्याचे, मेहनत तिसऱ्याची, आणि खळ्यावर सगळ्यांचा वाटा. फरक इतकाच की खळ्यावर चार माणसे हजर असतात, गाण्याच्या खळ्यावर एकच हजर असतो आणि तो पोते शिवून घेऊन जातो.

यात आपल्या पोरांची एक नेहमीची चूक होते. स्टुडिओचा खर्च मित्राने किंवा गावातल्या एखाद्या पुढाऱ्याने केला, "तू फक्त गा रे, बाकी मी बघतो" म्हणाला, तर उद्या त्या रेकॉर्डिंगचा निर्माता कोण, हा वाद उभा राहतो. शब्द आणि चाल तरीही तुमचीच राहते. पण तयार रेकॉर्डिंगवर तुमचा हक्क आहे की नाही, हे त्या दिवशी एका कागदावर दोन ओळी लिहून ठरवायला हवे होते. दुसरी चूक तयार बीटची. इंटरनेटवरून उतरवलेला ठेका फुकट दिसतो, पण तो कोणाचा तरी असतो. तो वापरून केलेल्या गाण्यावर त्याचा मालक एक दिवस बोट ठेवतो, आणि तेव्हा आपण बरोबर नसतो.

शब्द आणि चाल यांचा हक्क किती वर्षे? रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे. १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्या धरून, हे सांगतो. म्हणजे जमिनीसारखीच ही वारसाने जाणारी मिळकत आहे. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे, आणि कलावंताचा ५० वर्षे.

हा हक्क मिळवण्यासाठी कुठेही नोंदणी करावी लागत नाही. गाणे रचून ते लिहिले किंवा रेकॉर्ड केले की हक्क जन्माला आला. हे सांगितले की पोरे विचारतात, मग नोंदणी कशाला? त्यांना मी सातबाऱ्याचे उदाहरण देतो. सातबारा म्हणजे मालकी नव्हे, ती महसुली नोंद आहे, हे तलाठी भाऊसाहेब आणि कोर्टकचेरी केलेला प्रत्येक शेतकरी जाणतो. पण उताऱ्यावर नाव नसलेला माणूस बांधावर भांडू शकतो का? कॉपीराइटची नोंदणी तशीच आहे. ती हक्क देत नाही, पण वाद झाला तर कोर्ट ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरते. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. शब्दांच्या नोंदणीला ५०० रुपये, चालीला ५०० रुपये, रेकॉर्डिंगला २००० रुपये फी आहे. अर्ज केला की डायरी नंबर मिळतो, मग कोणाची हरकत येते का यासाठी ३० दिवस थांबतात, आणि नंतर छाननी. फेरफार नोंदीला तलाठी नोटिसा काढतात आणि हरकतीची वाट पाहतात, त्याच धर्तीचे हे काम.

ज्याला तेवढेही जमत नाही त्याने निदान पुरावा जपावा. दर खरिपाच्या तोंडावर आम्ही गावोगावी एकच टेप लावतो. बियाण्याची पक्की पावती घ्या, पिशवी आणि टॅग फेकू नका, मूठभर बियाणे काढून ठेवा, उगवण झाली नाही तर तक्रारीला उपयोगी पडते. गाण्याचेही तेच. ज्या वहीत खाडाखोड करत गाणे लिहिले ती वही, मोबाइलमध्ये पहिल्यांदा गुणगुणून ठेवलेली चाल, स्टुडिओची पावती, तिथून मिळालेली मूळ फाइल, सोबत वाजवणाऱ्यांची नावे. खाडाखोडीची वही फार मोलाची. चोराकडे गाणे असते, खाडाखोड नसते.

आपल्याकडे गाण्यावर नाव टाकण्याची रीत आजची नाही. संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा घातली. तुकोबांची वेगळी, जनाबाईची वेगळी, नाथांनी तर आपल्या गुरूचे नावही जोडून घेतले. शाहिरांनी तोच रिवाज पुढे चालवला. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांच्या लावणीत शेवटी त्यांचे नाव यायचेच. गाणारा बदलला तरी रचणाऱ्याचे नाव गाण्याच्या पोटात बसून गावोगाव फिरत होते. नाव राहिले, पैसा मात्र राहिला नाही. मराठी मुलखाला वेड लावणारे हे बापूराव १९४५ साली हलाखीत गेले.

आपल्या जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक घ्या. हजारो गाणी लिहिली. गावोगावच्या गायकांनी ती आपली म्हणून गायली आणि आजही गातात. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत जिवंत आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, त्यांचा २०२८ पर्यंत. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या आणि संतांचे अभंग मात्र आता सगळ्यांचे. हे हिशेब मी मुद्दाम देतोय, कारण गावातली मंडळे रेकॉर्डिंग करताना "जुनं गाणं आहे, चालतंय" म्हणून मोकळी होतात. जुने म्हणजे किती जुने हे तारखेने बघायचे असते. आणि अभंग मोकळा असला तरी त्याला दिलेली अलीकडची चाल मोकळी असतेच असे नाही. एखाद्या ख्यातनाम गायकाने गायलेली चाल उचलून आपले मंडळ रेकॉर्डिंग करून विकू लागले, तर तुकोबा आपल्याला त्यातून सोडवणार नाहीत.

उलटही घडते. मंडळाने स्वतःच्या चालीवर अभंग गायला, आणि तेच शब्द दिसले म्हणून एखाद्या मोठ्या कंपनीच्या यंत्राने त्यावर दावा ठोकला. अशा वेळी घाबरून गाणे काढू नका. युट्यूबवर दाव्याला हरकत घेता येते. शब्द संतांचे, चाल आमची, वाजवणारे आमचे, एवढे सरळ लिहायचे. पण खात्री असेल तरच, कारण तीन कॉपीराइट स्ट्राइक बसल्या की चॅनेल बंद होऊ शकते.

इथे एका शेतकऱ्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही, आणि ती माझ्याच खात्याच्या विषयातली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वर्षानुवर्षे जपून त्यांनी वाण तयार केले. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची ऐट होती, म्हणून धानालाही तेच नाव पडले. आज एचएमटी तांदूळ कोणाला माहीत नाही? २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सन्मान झाला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने त्यांचे नाव छापले, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरची स्थिती बेताचीच होती. पोत्यावर तांदळाचे नाव होते, निवडणाऱ्याचे नव्हते. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आता शेतकऱ्याला स्वतःचे वाण नोंदता येते, त्याला फीही लागत नाही. पण दादाजींच्या उमेदीच्या काळात हा कायदाच नव्हता. गाणे लिहिणाऱ्यासाठी मात्र कायदा १९५७ पासून आहे, आणि तरी आपली पोरे दादाजींच्याच वाटेने जात आहेत.

माझे म्हणणे असे की गावातल्या कलावंताचे गाणे चोर नेतो त्यापेक्षा जास्त वेळा ते सही नेते. चोरी झाली तर हातात उपाय आहेत. युट्यूबकडे तक्रार करता येते. आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सांगितले. म्हणजे ठाणेदारांना "कोर्टात जा" एवढेच सांगून परत पाठवता येणार नाही. पण सही केल्यावर यातले बरेचसे उपाय आपल्याच हाताने आपण बंद करतो.

म्हणून सहीबद्दल थोडे सविस्तर. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच दिला जातो. तोंडी बोलण्याने, चहा पिण्याने किंवा खात्यात पैसे आल्याने हक्क जात नाही. त्या कागदात कोणते गाणे, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या मुलखासाठी आणि रॉयल्टी किती, हे लिहावे लागते. वर्षे लिहिली नसतील तर कायदा पाच वर्षेच धरतो. मुलूख लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. कंपनीने घेतलेला हक्क एक वर्ष वापरलाच नाही, तर करारात तसे काही वेगळे लिहिलेले नसल्यास तो परत फिरतो. कायदा कलावंताच्या बाजूने झुकलेला आहे, असे वाचताना मला जाणवले. म्हणूनच कंपन्यांच्या करारात "कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, आज असलेल्या आणि उद्या येणाऱ्या सर्व माध्यमांत" हे शब्द पहिल्याच पानावर असतात. हे शब्द दिसले की पेन खाली ठेवावे. खुशखरेदी आणि भाडेपट्टा यातला फरक आपल्याला जमिनीत कळतो. दोन वर्षांच्या भाड्याच्या पैशात कोणी साठेखत, खरेदीखत सगळेच मागू लागला तर आपण त्याला ओट्यावरून उठवू. गाण्यात उठवत नाही.

जुन्या पिढीच्या कलावंतांनी हे भोगले आहे. कॅसेटच्या काळात लोकगीतांच्या, वगनाट्यांच्या, कीर्तनाच्या कॅसेट जत्रेत ढिगाने खपायच्या. कलावंताला एकदाच मानधन, पुढे किती खपल्या हे त्याला जत्रेतल्या दुकानावरूनच कळायचे. २०१२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यासाठी गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर भांडले. त्या दुरुस्तीने दोन गोष्टी दिल्या. एक, करार करताना अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा हक्क तसा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाही. दोन, हक्क विकला तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत शब्द आणि चाल रचणाऱ्याचा बरोबरीचा वाटा राहतो, आणि तो सोडून दिल्याचे लिहून घेतले तरी ते चालत नाही. ही रॉयल्टी गोळा करायला मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, जिला आयपीआरएस म्हणतात. १९६९ पासूनची संस्था. गाणे प्रसिद्ध झालेला गीतकार, संगीतकार तिचा सभासद होऊ शकतो, त्यासाठी सिनेमातच असावे लागते असे नाही.

आणखी एक कलम आहे, मला ते सगळ्यात जास्त आवडले. हक्क संपूर्ण विकून टाकला तरी "हे मी रचले आहे" असे म्हणण्याचा अधिकार रचणाऱ्याकडेच राहतो. गाणाऱ्यालाही आपले नाव लावून घेण्याचा तसाच अधिकार आहे. म्हणजे संतांनी शेवटच्या चरणात जे केले ते कायद्याने कलमात केले.

आता थोडे आपल्याच अंगावर. आपली सगळी पोरे काही अन्याय झालेलीच नाहीत. निवडणूक आली की सिनेमाच्या चालीवर उमेदवाराचे शब्द बसवून गाडी फिरवणारी मंडळी आपलीच. सिनेमाच्या चालीवर रचलेले गीत फार तर शब्दापुरते आपले, चाल त्या संगीतकाराची. ते वाजवून आणि विकून पैसे मिळवायचे आणि कोणी आपले गाणे उचलले की पोलीस ठाणे गाठायचे, हे जमणार नाही. लग्नाच्या वरातीत किंवा खऱ्याखुऱ्या धार्मिक कार्यात गाणी वाजवायला कायद्याने सूट आहे, त्याबद्दल कोणी दमदाटी करून पावती फाडत असेल तर जरूर विचारावे. पण ती सूट वाजवण्यापुरती आहे. त्याचे रेकॉर्डिंग करून स्वतःच्या नावाने टाकण्याला नाही.

आता ग्रामसेवक, सरपंच आणि माझ्यासारखे कर्मचारी यांच्यासाठी. इथे मला माझीच चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी खरीप मोहिमेत घरच्या सोयाबीनची उगवण क्षमता कशी तपासावी, शंभर दाणे गोणपाटात कसे गुंडाळावेत आणि बीजप्रक्रिया कशी करावी, यावर एका म्हाताऱ्या शाहिरांकडून गाणे करून घेतले. माहिती माझी, शब्द आणि चाल सगळी त्यांची. आठ गावांत त्यांनी ते डफावर म्हटले. आमच्या तासाभराच्या भाषणात बसल्या जागी झोपणारे लोक दुसऱ्या दिवशी गोणपाट मागायला आले. मी व्हाउचरवर "कलापथक मानधन अदा" एवढेच लिहिले. पुढच्या वर्षी तेच गाणे एका कार्यालयाच्या चित्रफितीत वाजले, दुसऱ्याच कोणी गायलेले, खाली कार्यालयाचे नाव. शाहिरांनी मला फोन केला. रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, आपलं गाणं लई लांब गेलं बघा." मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

नंतर कायदा वाचताना कळले की माझी ती एक ओळ किती महागात पडली. सरकारच्या किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या सांगण्यावरून, त्यांच्या नियंत्रणाखाली केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, त्या सरकारचा किंवा संस्थेचा धरला जाऊ शकतो. मी नोकरीत लिहिले ते सरकारचे, ठीक आहे, मला पगार मिळतो. पण डफ घेऊन आठ गावे उन्हात फिरलेल्या माणसाचे शब्द दोन दिवसांच्या मानधनात जावेत, हे कोणाच्या मनात नव्हते. फक्त कोणी लिहून ठेवले नाही.

म्हणून स्वच्छता, पाणी, लसीकरण, पीक विमा, कशाचेही गाणे गावाने करून घेतले तर ठरावात दोन वाक्ये घालावीत. गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क रचणाऱ्या कलावंताकडे राहील, ग्रामपंचायतीला ते अमुक कामासाठी, अमुक वर्षे वापरता येईल. आणि जिथे वाजेल तिथे त्याचे नाव दिले जाईल. याला निधी लागत नाही, वरची मंजुरी लागत नाही. जमल्यास ५०० रुपयांच्या नोंदणीसाठी ग्रामपंचायतीच्या संगणकावर अर्ज भरून द्यावा. आपले सरकार केंद्रात पोरे इतके दाखले काढून देतात, एवढा अर्ज त्यांना अवघड नाही.

गावात ज्या म्हाताऱ्या बाया अजून ओव्या म्हणतात त्यांचे रेकॉर्डिंग करणाऱ्या उत्साही शिक्षकांनाही हेच सांगणे. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलाने लिहून ठेवली नसती आणि आचार्य अत्र्यांनी १९५२ मध्ये ती प्रसिद्ध व्हावीत म्हणून धडपड केली नसती, तर आज आपल्याकडे काय असते? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेकडे आहेत, आणि ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव दिलेले असते. ओवी परंपरेची, पण म्हणणारी बाई परंपरा नव्हे, तिला नाव-गाव आहे.

आता त्या कांदेवाल्या पोराचे काय झाले ते सांगतो. त्याच्या करारात कायमस्वरूपी आणि संपूर्ण जग हे शब्द होते, त्यामुळे पाच वर्षांची सवलत त्याला लागू नाही. वकिलांनी नोटीस पाठवली. पंधरा दिवसांनी गाण्याखाली गीत-संगीत म्हणून त्याचे नाव आले. त्या दिवशी वडिलांनी गावात पेढे वाटले. रॉयल्टीच्या वाट्याचे उत्तर अजून आलेले नाही, दावा लावावा लागेल असे दिसते.

पण करारात आणखी एक कलम होते, सहाव्या पानावर. सहीच्या तारखेपासून तीन वर्षांत हा जे जे लिहील ते सर्व कंपनीचे. त्याला अजून सात महिने बाकी आहेत. परवा चाळीचे अनुदान मंजूर झाल्याचे कळवायला फोन केला, तेव्हा विचारले की नवीन काही लिहिले का?

"नाही साहेब. लिहिलं की त्यांचं होतंय, म्हणून वहीच बांधून माळ्यावर टाकलीय." मग थोडा थांबून म्हणाला, "एक चाल आहे डोक्यात, कांदा काढताना सुचलेली. नुसती डोक्यात असली तर तिच्यावर पण त्यांचा हक्क का हो?"

मी म्हटले, डोक्यातल्या गोष्टीवर कायदा कोणालाच हक्क देत नाही.

"मग ऱ्हाऊ द्या डोक्यातच सात महिने," तो म्हणाला, आणि पावसाआधी कांदा चाळीत भरायचा आहे म्हणून फोन ठेवला.